फौजेत पाठवायचं म्हणता, पण कोणत्या दारानं?

नागपूरच्या मानेवाड्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा नववीत आहे आणि त्याला "आर्मीतच" जायचं आहे. वडील म्हणतात, आधी जेईई. मामा म्हणतो, दहावी झाली की अग्निवीरचा फॉर्म भरा, चार वर्षांत दहा-बारा लाख घेऊन येईल. आजी विषय निघाला की डोळ्याला पदर लावते. धाकटी सातवीत आहे, तीही म्हणते मला जायचं. आईनं विचारलंय, मुलांना प्रोत्साहन द्यावं, की वय आहे म्हणून विषय टाळावा?

टाळू नका. पण या घरात चौघं जण चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, ते आधी सोडवायला हवं. "आर्मी" ही एक नोकरी नाही. बारावीनंतर एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, अधिकारी होणं आणि अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होणं, यांत गणवेश सारखा दिसतो, बाकी पगार, मुदत, निवृत्तीनंतरचं आयुष्य आणि तयारी सगळंच वेगळं. एकासाठी "जा बाळा" म्हणणं योग्य असेल तर दुसऱ्यासाठी तेच उत्तर घाईचं ठरू शकतं.

मामाच्या हिशेबापासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. अग्निवीर ज्या योजनेतून भरती होतात ती अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. वय किमान साडेसतरा हवं, म्हणजे दहावी झाल्या झाल्या फॉर्म भरता येतच नाही. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या सैनिकाच्या जागेसाठी, दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात. सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच. पगार पहिल्या वर्षी महिना 30 हजार, मग 33 हजार, साडेछत्तीस हजार आणि चौथ्या वर्षी 40 हजार. यातले 30 टक्के कापून सेवा निधीत जातात, तेवढीच भर सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार. चार वर्षांत मुलाचे स्वतःचे 5 लाख 2 हजार जमा होतात, सरकारचे तेवढेच, मिळून 10 लाख 4 हजार आणि वर व्याज. मामाचे "दहा-बारा लाख" ते हेच, आणि त्यातले निम्मे मुलाच्याच पगारातून कापलेले असतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम सेवेत घेतली जातात. बाकीची विशीतच घरी येतात.

हे वाईट आहे का? ज्या घरात बारावीनंतर शिकवायला पैसे नाहीत, त्या घरासाठी ही वाईट सुरुवात नाही. बावीसाव्या वर्षी हातात करमुक्त रक्कम, शिस्त, चांगली तब्येत, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा व वयात सवलत. सेवेत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवीही घेता येते, तिचे निम्मे क्रेडिट लष्करी प्रशिक्षणातून धरले जातात. पण "पाचव्या वर्षी काय?" याचं उत्तर भरतीच्या आधी घरात कागदावर लिहिलेलं असावं. ते नसलं की मुलगा परत येतो, रकमेतून बाइक आणि बहिणीचं लग्न होतं, आणि मग तो पुन्हा पोलीस भरतीच्या ग्राउंडवर अठरा वर्षांच्या पोट्ट्यांसोबत धावताना दिसतो.

तुमच्या मुलाला अभ्यास झेपतो आणि तो नववीत आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पहिलं लक्ष्य एनडीए ठेवा, अग्निवीर हा मागचा पर्याय असू द्या. उलट क्रम लावला तर अधिकारी होण्याचं वय हातातून जातं.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं, मुलगा अविवाहित हवा, बारावीत शिकत असतानाही फॉर्म भरता येतो. अकरावीत नाही. म्हणजे बहुतेक मुलांना तीन-चारच संधी मिळतात. गणिताचा पेपर 300 गुणांचा, सामान्य क्षमता चाचणी 600 ची, त्यात इंग्रजी 200. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत नाही. अलीकडच्या वर्षांत लेखीचा कटऑफ 900 पैकी 300 च्या आसपास राहिला आहे. जेईईचा चांगला अभ्यास करणाऱ्या मुलाला तो अवघड नाही, आणि इथेच वडिलांचं आणि मुलाचं भांडण मिटतं: अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलं की दोन्ही वाटा उघड्या राहतात. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते असं सांगणारे बरोबर सांगतात, पण अर्धंच सांगतात. हवाई दल आणि नौदलाला हे तीन विषय लागतात, आणि आर्ट्स घेतलं तरी 300 गुणांचं गणित सुटत नाही. नागपूरची मुलं जिथे मागे पडतात ते इंग्रजी. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, तेही मोठ्यानं वाचून, नववीपासून. क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

लेखीनंतर एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या, आणि पालकांनी प्रोत्साहन म्हणजे काय द्यायचं ते खरं इथे ठरतं. लेखीइतकेच 900 गुण एसएसबीला आहेत. नागपूरच्या मुलांना बहुतेकदा भोपाळचं केंद्र सोयीचं पडतं. पाच दिवसांची निवड असते. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून तिच्यावर गटात चर्चा. त्यात बसला नाही तर त्याच दिवशी परत. स्टेशनवर घ्यायला गेलात तर रडू नका आणि "काय चुकलं?" असंही लगेच विचारू नका, बरीच मुलं पहिल्या दिवशीच परत येतात आणि त्यातली काही पुढच्या खेपेला निवडली जातात. थांबला तर मानसशास्त्राच्या चाचण्या: चित्रावर गोष्ट लिहायला चार मिनिटं, अशी अकरा चित्रं आणि बारावं कोरं, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, साठ प्रसंग, अर्धा तास, शेवटी स्वतःबद्दल, आईवडील, शिक्षक, मित्र काय म्हणतात ते. मग मैदानावर गटाची कामं: फळ्या, दोर, पिंप घेऊन अडथळे पार करणं, सापासारखं लांब ओझं घेऊन गटानं धावणं, एक गट सांभाळून दाखवणं. एक मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात.

मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, तिघं स्वतंत्रपणे तोलतात आणि मग जुळवून पाहतात. एसएसबीत यालाच मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात. म्हणून पाठ केलेली उत्तरं तिथे उघडी पडतात. मुलगा गोष्टीत लिहितो की नायकानं पुरात गाव वाचवलं, आणि मैदानावर दोर कुठे बांधायचा यावर तोंडही उघडत नाही. छंदाच्या रकान्यात "पोहणं" लिहितो आणि मुलाखतीत अंबाझरीच्या तलावावरचा प्रश्न आला की गप्प होतो. मुलाखतीत साधे प्रश्न असतात. घरात पैसे कशाला किती लागतात, शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि ते कसं मिटलं, प्रवासाचं तिकीट कोणी काढलं, बॅग कोणी भरली. तेव्हा दोन महिन्यांचा महागडा एसएसबी क्लास हा फार उशिराचा आणि तोकडा उपाय. आत्तापासून मुलाला घरातली खरी कामं द्या. गॅस सिलिंडरचं बुकिंग, आजीला डॉक्टरकडे नेणं, वस्तीतल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब, एकट्यानं मामाकडे वर्ध्याला एसटीनं जाऊन येणं. चुकेल तेव्हा धावून सोडवू नका. जे घर मुलाची प्रत्येक गोष्ट स्वतः उरकतं, ते घर त्याला या परीक्षेला कोऱ्या पाटीनं पाठवतं.

आता तब्येत. इथे होणारं नुकसान सर्वांत जास्त दुखतं, कारण मुलगा सगळं पार करून येतो आणि मेडिकलला बाहेर होतो. याच महिन्यात करायच्या तपासण्या सांगतो. डोळे तपासताना नंबरासोबत रंगांधळेपणाची चाचणी मागा, ठिपक्यांच्या पुस्तकातली. पाच मिनिटांचं काम असतं आणि हवाई दल, नौदलासाठी तिथेच निर्णय होतो. नंबर असेल तर "पुढे लेसर करू" असं मनात धरू नका. लष्कराच्या निकषांत वीस वर्षांच्या आधी केलेली लेसर शस्त्रक्रिया मान्य नाही, आणि एनडीएचं वय त्याआधीच संपतं. पाय ओला करून फरशीवर ठेवा. तळव्याचा पूर्ण ठसा उमटला तर सपाट पाय असू शकतो. टाचा उचलून उभं राहिल्यावर कमान दिसली तर घाबरायचं कारण नाही. गुडघे चिकटवून उभं राहिल्यावर घोट्यांमधलं अंतर पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मूळव्याध, हायड्रोसील, वाकडं नाकाचं हाड, कुजलेल्या दाढा, कानातला मळ ही सगळी सुधारता येणारी कारणं आहेत, फक्त महिनाभर आधी धावपळ करून नाही. अंगावर टॅटू काढू देऊ नका. छातीवर किंवा दंडावर महाराजांचं चित्र काढलं म्हणून बाहेर होणारी मुलं दर भरतीत असतात. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागे एवढंच चालतं. आदिवासी समाजाच्या पारंपरिक गोंदणाला वेगळी सवलत आहे.

आणि विदर्भातल्या प्रत्येक घरानं करायलाच हवी ती तपासणी म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागात त्याचं प्रमाण मोठं आहे. आजार असलेल्या मुलाला कमी ऑक्सिजनच्या उंचीवर धोका असतो, आणि नुसता वाहक असला तरी उन्हात फार जोरानं पळवलं तर स्नायू निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. सरकारी रुग्णालयात रक्ताची चाचणी होते. मुलाला मैदानावर झोकून देण्याआधी अहवाल हातात ठेवा.

उंचीबद्दल एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. आपल्या भागातून अग्निवीर जनरल ड्युटीसाठी पुरुषांना 168 सेंटीमीटर लागतात, पण एनडीएतून लष्करात अधिकारी व्हायला 157 पुरतात. मुलगा ठेंगणा राहील या भीतीनं फौजेचा विचार सोडणारे पालक चुकीचा आकडा धरून बसलेले असतात.

पळण्याचं म्हणाल तर अग्निवीरच्या ग्राउंडवर 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण 60 गुण, दहा पुलअप्सना 40. शिवाय नऊ फुटांची खंदकावरची उडी आणि नागमोडी तोल फळी, त्यांना गुण नाहीत, पण पार करावी लागतात. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंद. नवखा मुलगा पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतो आणि तिसरीत बसतो. ग्राउंड बहुतेक वेळा तिथेच जातं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आत्ता घड्याळ लावून पळवू नका. आठवड्यात चार दिवस, मातीवर, रेशीमबाग किंवा मानकापूर, दोन-तीन किलोमीटर बोलता येईल इतक्या वेगानं. रिंग रोडच्या डांबरावर रोज पळणाऱ्या मुलांच्या नडग्या दुखू लागतात, ती सहन करत पळतात आणि हाडाला बारीक तडा जातो, मग तीन महिने बंद. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या आत मैदान सोडा. सोळाव्या वर्षानंतर आठवड्यात एकदा चारशेच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं, पुरेसं. पुलअप्स येत नसतील तर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर घ्यायची आणि पाच सेकंदांत हळूहळू खाली यायचं, पाच-पाचचे तीन सेट, दिवसाआड. दीड-दोन महिन्यांत पहिला पूर्ण पुलअप येतो. ही तयारी वाया जात नाही. पोलीस भरतीतही मुलांना 1600 मीटर आहे, आणि हिंगण्याच्या राज्य राखीव दलाच्या भरतीत 5 किलोमीटर.

धाकटीबद्दल. ऑगस्ट 2021 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि 17 मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. तिला तेच सांगा जे भावाला सांगताय, वेगळं काही नाही. ती सातवीत असल्यानं सैनिकी शाळांची नववीची प्रवेश परीक्षा अजून तिच्या हातात आहे. ती आठवीत असताना द्यायची. चंद्रपूरची सैनिकी शाळा 2019 मध्ये सुरू झाली आहे, सातारा आहेच. मुलासाठी ती वेळ गेली. त्याच्यासाठी दहावीत असताना छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची, सगळे एसपीआय म्हणतात ती, प्रवेश परीक्षा आहे. राज्य सरकारनं 1977 मध्ये एनडीएच्या तयारीसाठीच ती काढली. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. शाळेत एनसीसी असेल तर दोघांनाही घाला.

आता आजीच्या डोळ्यातल्या पाण्याकडे येऊ. तिला "काही होत नाही गं" असं सांगून गप्प करणं मला पटत नाही. ती बरोबर घाबरते. घरात खरे आकडे मांडा. अग्निवीर कर्तव्यावर मृत्यू पावला तर 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या मुदतीचा पगार सेवा निधीसह कुटुंबाला मिळतो, पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना असते तशी पेन्शन नाही. एनडीएत प्रशिक्षणातच जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. महिन्याला सानुग्रह रक्कम मिळते आणि 2025 मध्ये माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांना लागू झाली. आणि एनडीएत निवड झाली की पालकांना सही करून द्यावी लागते: मुलगा स्वतःच्या मर्जीनं मध्येच सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागतो. ज्या घरात मुलाला ढकललं जातं, तिथे हा कागद पुढे अडचणीचा होतो. तिथलं पहिलं वर्ष कठीण असतं, आणि स्वतःहून गेलेला मुलगा ते निभावतो.

म्हणून मुलाची ओढ खरी आहे का ते तपासा, आणि तपासायची जागा घराजवळच आहे. कामठीची छावणी 1821 पासूनची आहे, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे. 15 ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो. गणवेशाची भुरळ सगळ्यांनाच पडते. तुम्ही मुलाला एखाद्या निवृत्त सुभेदाराकडे आणि एखाद्या फौजीच्या बायकोकडे घेऊन जा. सुट्टी न मिळाल्यानं चुकलेली दिवाळी, तीन वर्षांत दोनदा बदललेली मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचं आजारपण फोनवरून सांभाळणं, हे त्याला ऐकू द्या. घरी आल्यावर आठवडाभर काही विचारू नका. त्यानंतरही तो सकाळी पाचला स्वतः उठून मैदानावर जात असेल, तर बघा. तुम्हाला उठवावं लागत असेल तर जेईईचा अभ्यास चालू द्या आणि बारावीनंतर पुन्हा बोला. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीचीच अधिकारी भरतीची परीक्षा, एनसीसी 'सी' प्रमाणपत्रावरची विशेष भरती, हवाई दलाची एएफकॅट परीक्षा अशा वाटा उरतात, म्हणजे सतराव्या वर्षी नाही म्हणणं हे कायमचं नाही होत नाही. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, दहा वर्षांची असते आणि चौदापर्यंत वाढते, त्यात पेन्शन बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

"आपली ओळख आहे, दोन लाखांत काम होतं" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला घरातही घेऊ नका. अग्निवीरचा फॉर्म 250 रुपयांचा आहे, लेखी संगणकावर होते, आता मराठीतही देता येते, आणि ग्राउंडवर वेळ घड्याळ मोजतं. पैसे गेलेले परत येत नाहीत आणि पकडला गेला तर मुलगा कायमचा बाद.

कागदपत्रांचंही आत्ताच उरका. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, अशा घोळांमुळे ग्राउंड काढलेली मुलं कागद तपासणीला अडतात. दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेत भरला जाईल तेव्हा स्वतः जाऊन प्रत्येक अक्षर वाचा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. नंतर गुणपत्रिकेतलं नाव बदलायचं म्हणजे शाळा, विभागीय मंडळ आणि पुन्हा शाळा अशा खेपा पडतात, आणि त्या कधी कधी भरतीच्या तारखेपेक्षा लांब चालतात.